निरंक महिने

माझी नोकरी नदीत पाणी किती होतं हे सांगण्याची होती. आज किती आहे ते कोणीही काठावर उभं राहून सांगेल, त्यासाठी सरकार पगार देत नाही. पण एखाद्या गावाला नळयोजना द्यायची तर मागच्या पुष्कळ वर्षांचा हिशेब लागतो. वाईटातल्या वाईट वर्षी नदीनं किती दिलं, ते पाहून योजना मंजूर करायची की नाही हे ठरतं. या हिशेबात हटकून भोकं असतात. पाण्यात उभी केलेली आकड्यांची पट्टी पुरात वाहून जाते, ती वाचणारा माणूस आजारी पडतो, कधी कागदच उंदीर खातात. ती भोकं अंदाजानं बुजवायची, हे माझं काम. आईनं मात्र शेजारच्या बायकांना सांगून ठेवलं होतं की मुलगी पाण्याच्या खात्यात आहे, नळ गेला तर तिला सांगा. त्या सांगायच्याही.

मी नांदेडची. गोदावरीकाठची माणसं पाण्याच्या बाबतीत जरा माजलेली असतात, मीही होते. लातूरला बदली झाली तेव्हा पहिल्याच आठवड्यात तो माज उतरला. भूकंपाला काही वर्षं होऊन गेली होती आणि शहराला बारावीच्या निकालाचं वेड लागलं होतं. उदगीर, देगलूर, उमरी, थेट इस्लापूरपासून मुलंमुली क्लासला यायची, आणि ज्याच्या घरात एखादी जास्तीची भिंत घालायला जागा होती तो वसतिगृहाचा मालक व्हायचा. माझ्या घरमालकिणीनं देवघर तेवढं सोडून सगळ्या घराचे प्लायवूडनं तुकडे केले होते. एका तुकड्यात मी, बाकीच्यांत डॉक्टर व्हायला आलेल्या मुली. नळाला पाणी आठवड्यातून एकदा आलं तर आलं. म्हणून बाईंनी आंघोळीच्याही बॅच पाडल्या होत्या. "तुम्ही दुपारच्या बॅचला या," असं त्यांनी मला अगदी गंभीरपणे सांगितलं. नोकरी आहे म्हटल्यावर सकाळच्या बॅचमध्ये प्रवेश मिळाला, तोही मुली आटोपल्यावर.

आमचे साहेब कंधारचे, तिथल्या जुन्या मुसलमान घरातले. वडील घड्याळं दुरुस्त करायचे, त्यामुळे असेल, पण साहेबांना प्रत्येक कागद जागच्या जागी लागे. माणूस मोठा मजेशीर होता. कामात चूक काढायची तरी आधी चहा सांगत. त्यांचा एकच नियम होता आणि तो आमच्या सगळ्या खात्याचाच होता, की तक्त्यातला रकाना कोरा ठेवायचा नाही. "मॅडम, कोरा रकाना म्हणजे ऑडिटवाल्याला दावत," असं ते म्हणत.

अक्का पहिल्यांदा ऑफिसात आली ती या साहेबांसमोर. ती एका गावची सरपंच होती. तिच्या भागात थोरल्या बाईला अक्का म्हणतात, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. भूकंपात तिचं गाव पडलं होतं आणि सरकारनं ते नदीवरून उचलून वर माळावर बसवलं होतं. सरळ रस्ते, एकसारखी घरं, दारात विजेचा खांब. "घरं चांगली दिली सरकारनं," अक्का म्हणाली, "पन आमी वर आलाव आन पानी खालीच ऱ्हायलं." माळावर घेतलेल्या बोअरना धूळ लागली होती. जुन्या गावची एक विहीर नदीच्या काठाला शाबूत होती. तिच्यावर मोटर बसवून पाणी कसंबसं वर यायचं, उन्हाळ्यात टँकर. गावाला नदीवरून नळयोजना हवी होती. त्यासाठी आमच्या ऑफिसचं पाणी उपलब्धता प्रमाणपत्र लागत होतं. नदीत पुरेसं पाणी आहे, असं आम्ही लिहून द्यायचं. तेवढा एक कागद मिळाला की पुढचं ती बघून घेणार होती.

तो कागद आम्ही देऊ शकत नव्हतो. संगणकातून निघालेला तक्ता साहेबांनी तिच्यापुढे ठेवला. भूकंपाच्या दुसऱ्याच दिवसापासून त्या नदीच्या नावापुढे शून्य होतं, ते थेट पुढच्या पावसाळ्यापर्यंत. नंतरच्या दोन-तीन वर्षांतही अधूनमधून अख्खे महिने शून्याचे. अशी नदी कुठल्याच हिशेबात बसत नाही.

यामागची कथाही सगळ्यांना पाठ होती. भूकंपात जमीन फाटली आणि नदी तिच्यात गेली. भेगा पुढच्या पावसात गाळानं बुजल्या, मग नदी परत वर आली. ऑफिसात कोणी पाहुणे आले की त्यांना हे सांगितलं जाई, वर पुरावा म्हणून तो तक्ता दाखवला जाई. गावोगावचे लोकही हेच सांगत, कारण त्यांनी ते आमच्या ऑफिसात ऐकलेलं होतं. मीही काही महिने ते मान डोलावून ऐकलं. एवढा मोठा भूकंप झाल्यावर नदी गेली तर त्यात नवल ते काय, असं कोणालाही वाटेल.

अक्कानं तक्त्यावरून बोट फिरवलं. तिला आकडे वाचता येत होते. "हितं समदी पूज्यच हायेत," ती म्हणाली आणि निघून गेली. पुढच्या महिन्यात परत आली. त्याच्या पुढच्याही. भांडत नसे. बाकावर बसायची, साहेब मोकळे झाले की विचारायची, "निघालं का पानी?" जणू आम्ही मागे कुठेतरी बोअर मारत होतो.

मला एक दिवस त्या शून्यांचा शेवट खटकला. भूकंपाच्या साली सुरू झालेली शून्यं पुढच्या ऑगस्टच्या पहिल्या तारखेला थांबत होती. जुलै संपेपर्यंत थेंब नाही आणि एक ऑगस्टला नदी भरून वाहतेय. नंतरच्या सुट्या महिन्यांचंही तेच. एक तारखेला नदी आटायची, महिना संपला की परत यायची. पगारासारखी. जमीन फाटू शकते, नदी गिळू शकते, सगळं मान्य. पण जमिनीला महिन्याची पहिली तारीख कशी कळणार? मी साहेबांना विचारलं तेव्हा त्यांनी तक्ता जवळ ओढून घेतला. मग त्यांनी चहा सांगितला.

मूळ कागद बघायला मिळाले ते एका मागच्या खोलीत. महिन्याच्या तक्त्यात प्रत्येक दिवसापुढच्या रकान्यात एकाच वळणाचा एकच शब्द होता, निरंक. तो लिहिणारा कारकून आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर दुसऱ्या टेबलावर गेला होता. त्याला विचारलं. त्यात लपवण्यासारखं त्याच्याकडे काही नव्हतंच.

"वाचन आलं नाही, म्हणून निरंक लिहिलं," तो म्हणाला.

"पण निरंक म्हणजे शून्य ना?"

"माहिती निरंक, मॅडम. पाणी निरंक कुठं म्हटलं मी? रकाना कोरा ठेवला असता तर साहेबांनी सोडलं असतं का मला?"

त्याचं चूक नव्हतं. आमच्याकडे हा शब्द असाच वापरतात. साप चावल्याचे प्रकार, निरंक. आगीच्या घटना, निरंक. सांगण्यासारखं काही नसलं तरी निरंक आणि सांगायला कोणी नसलं तरी निरंक. पुढे संगणक आले, तेव्हा कंत्राटावर आकडे भरायला बसवलेल्या माणसाच्या संगणकात अक्षरं बसत नव्हती. त्यानं निरंकचा सरळ अर्थ लावला आणि शून्य दाबलं. छापून आलं तेव्हा त्याच्यापुढे दशांश चिन्हही होतं. इतक्या बारकाईनं मोजलेलं शून्य खोटं असेल असं कोणाला वाटणार?

पट्टी वाचणारा माणूस त्या महिन्यांत का आला नाही, हेही कारकुनालाच माहीत होतं. त्याचं घर पडलं होतं. घरात कोण कोण होतं ते कारकुनानं सांगितलं, मी ते इथे लिहीत नाही. त्याला नोटीस काढावी असं ऑफिसात कोणाच्या मनातही आलं नाही, हे मला आजही बरं वाटतं. दुसरा माणूस नेमला गेला तो एक ऑगस्टपासून. नंतर त्या दुसऱ्यालाही मधूनमधून पुनर्वसनाच्या मोजणीवर पाठवत. ते सुटे महिने त्याचे.

म्हणजे नदी आटली नव्हती. तिच्याकडे बघायला कोणी नव्हतं, एवढंच. आता ते महिने भरायचे होते.

पहिली पायरी म्हणून गावात जाऊन विचारायची आमच्यात पद्धत आहे. मी अक्काच्या गावी गेले. समाजमंदिरात माणसं जमली. भूकंपानंतरच्या दिवाळीच्या सुमाराला नदीला पाणी होतं का, असं मी विचारलं आणि विचारता विचारताच मला कळलं की हा प्रश्न विचारायला नको होता. एक जण म्हणाला कोरडी ठाक. दुसरा म्हणाला दुथडी भरून. ग्रामपंचायतीचा एक सदस्य हुशार होता, तो म्हणाला, "म्याडम, भरपूर हुतं म्हनून लिवा. आमी अंगठे देतो."  तेव्हा पत्र्याच्या शेडमध्ये राहिलेल्या, रोज कोणाचं ना कोणाचं दहावं-तेरावं केलेल्या माणसांना मी नदीची पातळी विचारत होते.

मी अक्काकडे पाहिलं. "नदीकडं तवा कोन बघतंय," ती म्हणाली. "असंल पानी. मी बघितलं न्हाई."

"अक्का, असं कसं," सदस्य म्हणाला, "हुतं म्हना की. योजना आपलीच हाय."

"मी म्हनल्यावर पानी येतं व्हय?"

 मला ती त्या दिवशी फार आवडली. तिला एका 'हो'मध्ये पाणी मिळण्यासारखं होतं, निदान तिच्या समजुतीप्रमाणे, आणि तिनं ते म्हटलं नाही.

मग उरली आमची नेहमीची पद्धत. त्याच नदीवर खालच्या अंगाला, भूकंपाची फारशी झळ न लागलेल्या भागात, दुसरं एक मोजणी केंद्र होतं. तिथला माणूस त्या सगळ्या महिन्यांत रोज पट्टी वाचत होता. त्याच्या कागदावर नदी व्यवस्थित वाहत होती. ते पाणी मधल्या ओढ्यांचं, असं आमच्या ऑफिसानं ठरवून टाकलेलं होतं. कारण वरून येणारं तर शून्य. मी दोन्ही ठिकाणच्या नोंदी ज्या महिन्यांच्या होत्या ते सगळे महिने आलेखाच्या कागदावर ठिपक्यांनी मांडले. खाली जास्त तेव्हा वरही जास्त, खाली कमी तेव्हा वरही कमी. ठिपके बऱ्यापैकी एका रेषेत आले. मग खालचा आकडा घ्यायचा, रेषेवर जायचं आणि वरचा वाचायचा. त्यावर पावसाच्या नोंदींचा ताळा घ्यायचा. यात हुशारी लागत नाही, चिकाटी लागते. ज्या ठिपक्यांना रेषेत यायचं नव्हतं त्यांच्याशी मी आठवडे घालवले.

घरी हेच चालू असे, आणि शेजारच्या तुकड्यातल्या मुली माझ्यासारखेच आलेख काढत बसलेल्या असत. त्यांतली एक मला म्हणाली, "ताई, तुमची परीक्षा कधी आहे?" तिला खरंच वाटत होतं की मी नापास होऊन परत बसतेय.

भरलेल्या प्रत्येक आकड्यापुढे मी एक तारा काढला आणि खाली टीप दिली, तारांकित आकडे अंदाजित आहेत. साहेबांना ते रुचलं नाही.

"सितारे काढून टाका, मॅडम. वरचे लोक विचारतील की अंदाज कशाला पाठवला."

"अंदाजच आहे, साहेब. तारा खोडला तर मोजलेलं वाटेल. मागच्या वेळी तसंच झालं."

त्यांनी चष्मा काढून पुसला. आडमुठेपणात मी कमी नव्हते आणि हे त्यांना माहीत झालं होतं. "राहू द्या मग," ते म्हणाले. "आसमानात पण असतातच." सही करताना त्यांनी एकेक आकडा परत तपासला, दोन बेरजा दुरुस्त करून दिल्या. चांगला अधिकारी होता. पुढे जे झालं त्यात त्यांचा हात नव्हता, हे मला आधीच सांगून टाकायचंय.

नव्या हिशेबात नदी पास झाली, आणि काठावर नाही, चांगल्या मार्कांनी. वाईट वर्षीही अक्काच्या गावाला पुरून उरेल इतकं पाणी निघालं. मी तिला ऑफिसातच सांगितलं. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि विचारलं, "कागद कवा मिळंल?" मी म्हटलं, वर गेलाय, येईल.

वर तो कागद ज्यांनी पाहिला त्यांना गाव दिसलं नाही, 'पुरून उरेल' तेवढं दिसलं. शहर तेव्हा पाणी धुंडाळत होतं. दरवर्षी क्लास वाढत होते, क्लासबरोबर खोल्या, खोल्यांबरोबर टँकर. एक नदी, जी आजवर कोणाच्या खिजगणतीत नव्हती, ती अचानक यादीत आली. शहराच्या योजनेचा जाडजूड अहवाल आमच्याकडे आला तेव्हा त्यात माझाच तक्ता होता. तारे मात्र नव्हते, टीपही नव्हती. माझे आकडे आता मोजलेले झाले होते. त्यावरून नदीचं पिण्याचं पाणी शहरासाठी राखून ठेवलं होतं. अक्काच्या गावाच्या अर्जावर शेरा होता, उर्वरित पाण्यातून यथावकाश विचार करता येईल. आणि राखीव पाण्याला धक्का लागू नये म्हणून काठावरच्या सगळ्या मोटरी काढण्याची नोटीस निघणार होती. जुन्या गावच्या विहिरीची मोटर त्यात आलीच.

साहेबांनी वर पत्र लिहिलं. कडक लिहिलं, मी वाचलंय. त्याला उत्तर आलं नाही. साहेबांची बदली झाली, ती मात्र ठरलेल्या वेळीच.

मला शहराचा राग येत नव्हता. शहराची तहान खोटी नव्हती, मी त्याच तहानेत शेवटच्या नंबरला आंघोळ करत होते. घरमालकिणीला नवी योजना येणार हे कळलं तेव्हा त्यांनी आम्हा सगळ्यांना पेढा दिला. "आता बॅच बंद," त्या म्हणाल्या. मी पेढा खाल्ला. 

नोटीस टपालानं जाणारच होती. मी त्याआधी गेले. कोणी सांगितलं नव्हतं, पण अक्कानं ते टपालातून वाचावं हे मला सहन होईना.

ती दाराबाहेर फरशीवर बसून ज्वारी पाखडत होती. मला बघून तिनं पोतं अंथरलं. मी सगळं नीट सांगितलं. राखीव म्हणजे काय, यथावकाश म्हणजे काय, मोटर का काढावी लागेल.  ती सूप हातात तसंच धरून ऐकत राहिली.

"म्हंजे नदीत पानी हाय," शेवटी ती म्हणाली.

"आहे."

"ते तुमीच काढलं."

"हो, मीच."

"आन खरं हाय."

"खरं आहे, अक्का."

तिनं मान हलवली. खरं असल्याबद्दल तिची काही तक्रार नव्हती. समोरच्या घरातून एक बाई बाहेर आली, आम्हाला बघून परत आत गेली.

"कोरडी म्हनून लिवलं हुतं तवा आमाला कुनी दिलं न्हाई," अक्का म्हणाली, "पन कुनी नेलं बी न्हाई. आमी तुमच्या कागदाची वाट बघत ऱ्हायलाव, आन कागदानं हिरीवरचं बी काढलं."

मला रडू आलं. मी ते आवरलं, कारण तिच्या दारात बसून मी रडावं हा अधिकार माझा नव्हता. खोटे आकडे खोडून खरे भरले, यात आज परत वेळ आली तरी मी बदल करणार नाही. हे मला तेव्हाही ठाऊक होतं. त्यानं काडीचाही आधार वाटला नाही.

अक्कानं सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला. मग माझ्याकडे बघून तिनं अगदी साधेपणानं विचारलं, जसं एखादीनं दाखल्यातली चूक दुरुस्त होईल का विचारावं.

"म्याडम, ती परत कोरडी करता येती का? कागदावर?"

मी नाही म्हणाले.